बी टाकून कांदा करायचा आहे, दिवाळीपर्यंत टिकायला हवा. दुकानातून कोणतं बियाणं घ्यावं?

दुकानात जायच्या आधी एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या कांदा साठवायच्या चाळीत जा. दिवाळीपर्यंत टिकलेला कांदा तिथे पडलेला असतो. तुम्हाला हवं ते बी त्याच कांद्याच्या पोटातून येतं, रंगीत पुडीतून नाही.

आम्ही चांदवड तालुक्यातले, उन्हाळ कांद्यावर जगणारे. आमच्या घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, सासूबाई करायच्या. नवरात्र संपून चाळीतला शेवटचा कांदा निघायला लागला की त्या पाटी घेऊन बसायच्या आणि पहिली निवड करायच्या. व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असली तरी थांबायची. मध्यम आकाराचा, गोल, बारीक मानेचा, एकडोळ्या (आत एकच डोळा असलेला), पत्ती न सुटलेला, कोंब न आलेला कांदाच त्या घ्यायच्या. प्रत्येक कांदा माथ्याशी अंगठ्याने दाबून बघायच्या. मोठा, देखणा कांदा हातात आला तर बाजूला टाकायच्या. आख्खा पावसाळा चाळीत काढून जो कडक राहिला तोच गोट, म्हणजे बियाण्यासाठी लावायचा कांदा. नोव्हेंबरात ते गोट विहिरीजवळच्या पट्ट्यात लावायचे. एप्रिलमध्ये फुलांच्या गोंड्यात काळं बी दिसायला लागलं की तयार होतील तसे गोंडे तोडायचे, वाळवायचे, चोळायचे, पाखडायचे. पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्यातून टिकणारा निवडला म्हणून आमचा कांदा टिकतो. यात गूढ काही नाही.

माझ्या दिरांना हे कधी पटलं नाही. "तीन किलो बियाण्यासाठी जागा अडवायची, पाणी द्यायचं, त्यापेक्षा पुडी आणली की झालं," हे भाऊजींचं दरवर्षीचं वाक्य. शेवटी सासऱ्यांनी वावर अर्धं अर्धं केलं. अर्ध्यात घरचं उळं, अर्ध्यात भाऊजींनी आणलेलं. मार्चमध्ये त्यांच्या वाफ्यांत डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, उभे राहिले. काढणीत जोड कांदा निघाला, मधूनच गडद लाल निघाला, माना जाड. पण ट्रॉली त्यांची जड भरली हे खरं, आणि तेवढ्यावर त्यांनी गावभर सांगितलं की घरच्या बियाण्यात दम नाही.

दोन्ही कांदे एकाच चाळीत, शेजारशेजारच्या कप्प्यांत भरले. श्रावण सरेपर्यंत त्यांच्या कप्प्याला वास सुटला आणि खालून पाणी गळायला लागलं. निम्म्याच्या वर माल खाद (सडका) म्हणून काढावा लागला. सासूबाईंचा कांदा दिवाळीला बाजारात गेला. भाऊजी आजही म्हणतात, त्या वर्षी पाऊस फार होता. पाऊस दोन्ही कप्प्यांवर सारखाच पडला होता.

मला राग सडलेल्या कांद्याचा नाही. हिशेबाच्या वहीत ट्रॉलीचं वजन लिहिलं जातं, खताची गोणी लिहिली जाते, पण गोट निवडत बसलेल्या बाईचे दिवस कुणी लिहीत नाही. तिला घरात "वेळ घालवतेय" म्हणतात. कांदा टिकणार की नाही हे ठरवणारं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

आता तुमचं. गोट लावून बी हाती यायला एक हंगाम जातो, त्यामुळे या वर्षी बी बाहेरूनच घ्यावं लागेल. खात्रीच्या शेतकऱ्याकडचं गावरान मिळालं तर उत्तम. नाहीतर एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती, भीमा किरण यांपैकी घ्या. बी याच उन्हाळ्यातलं हवं. कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं. खरिपाच्या लाल कांद्याचं बी साठवणीसाठी कुणी फुकट दिलं तरी नको.

उळं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर, ओळीत, पातळ टाका. सप्टेंबरात घाई केली की डेंगळे वाढतात. सात-आठ आठवड्यांचं रोप डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला लावा. लागणीनंतर दोन महिन्यांनी युरियाचा दाणाही टाकू नका. निम्म्या माना पडल्या की काढणी, आणि त्याआधी दोन आठवडे पाणी बंद. वजनासाठी शेवटचं पाणी देणाऱ्याने साठवणीचं नाव काढू नये. काढलेला कांदा पातीने झाकून तीन-चार दिवस वावरात, मग बोटभर नाळ ठेवून पात कापायची आणि पुढे दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. चाळ खालून हवेशीर हवी आणि थर पाच फुटांच्या वर नको.

इथे एक सांगायला हवं. भाऊजींनी त्यांच्या अर्ध्याला युरियाही उशिरा दिला होता आणि काढणीच्या तोंडावर पाणीही, म्हणून सगळा दोष एकट्या पुडीवर टाकता येणार नाही. पण डेंगळे आणि लाल भेसळ युरियाने येत नाही. आणि घरचं बी करायचं तर आसपास अर्धा-एक किलोमीटरवर दुसऱ्या कुणाचे गोट नकोत, नाहीतर मधमाश्या त्याचा पराग तुमच्या गोंड्यात आणतात. ते जमत नसेल तर शेजाऱ्यांशी बोलून सगळ्यांनी एकाच जातीचे गोट लावा. संकरित वाणाचे गोट तर मुळीच धरू नका, पुढचं पीक एकसारखं येत नाही.

घरात पुडीवाला आणि गोटवाला असा वाद असेल तर दोन कप्पे वेगळे भरा आणि वजन मे महिन्यात करू नका, दसऱ्यानंतर करा. आमच्याकडे ते आता दरवर्षी होतं, वही माझ्याकडे असते, आणि गोट निवडायला सासूबाईंच्या जागी मी बसते.