खेड्यातल्या कॉलेजात बीएस्सीचं गणित शिकवायला कॉम्प्युटरचा खरंच फायदा होतो का?

होते ना, पण नुसती पीपीटी दाखवून नाही, पोरांच्या हातात द्या. मी गडचिरोलीकडे शिकवतो, लाईटचा भरवसा नाही, म्हणून पोरांच्याच मोबाईलवर जिओजेब्रा हे ग्राफ काढायचं गणिताचं ॲप टाकून घेतलं, फुकट आहे अन् एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालते. साइनची टेलर सिरीज घ्या, म्हणजे x च्या घातांच्या पदांची बेरीज करून साइन मांडणं, स्लायडरनं एकेक पद वाढवत गेलं की ग्राफ शून्यापासून दोन्हीकडं साइनला चिकटत जातो, फळ्यावर हे जमतच नाही राजेहो! आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मराठीतही आहेत, ते आधीच उतरवून ठेवा.

सिद्धता मात्र वहीतच करून घ्या. १ + १/२ + १/३... अशी १० लाख पदं कॉम्प्युटरनं मिळवली तरी बेरीज १४.३९ च्या आसपासच, पोट्टे म्हणतात थांबली, अन् ती तर अनंताकडं जाते.