तालमीत नवीन आलायस तर
भावा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत आल्या आल्या हजार जोर मारायची घाई नको. जोर-बैठकांनी स्नायूंच्या पेशींची संख्या फारशी वाढत नाही, आहेत त्याच जाड होतात. तेही झोपेत आणि खुराकावर. स्नायूला रक्त भरपूर, तो लवकर सावरतो. पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला रक्त कमीच. ती दुखावली की महिने जातात, वस्ताद कितीही ओरडू देत. दम पुरत नाही? ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, नव्या अस्थिमज्जेत बनतात, त्यांना लोह लागतं. नुसत्या थंडाईवर भागत नाही. मटण खा, मेथीवर लिंबू पिळ. आणि अंगात ताप असताना कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरूच नकोस, काही विषाणूंनी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.