‘मूर्तींना’तला रफार दिसतोय का?

प्रश्न : काका, माझं लग्नपत्रिका आणि संस्थांच्या अहवालांचं डीटीपीचं काम आहे. चोवीस इंची जुना मॉनिटर आहे, १९२० बाय १२०० चा. हल्ली सकाळी चालू केला की दिवा लुकलुकत राहतो, चित्र यायला बराच वेळ लागतो. एकदा आलं की दिवसभर कुरकुर नाही. मुलगा म्हणतो, भंगारात द्या, सत्तावीस इंची फुल एचडी आणू. काय करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. चिरंजीवांना म्हणावं, मोठा पडदा टीव्हीला ठीक. टीव्ही आपण सोफ्यावरून बघतो, मॉनिटरमध्ये मात्र नाक खुपसून बसतो.

तुमच्या पडद्यावर इंचाला साधारण ९४ ठिपके आहेत. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. ते सत्तावीस इंचांवर पसरले की इंचाला ८२च उरतात. इंग्रजी मजकुराला हे खपून जातं. आपलं तसं नाही. ‘मूर्तींना’ हा शब्द दहा पॉइंटात टाइप करून बघा. शिरोरेषेवर वेलांटी, तिच्या टोकाशी रफार, त्याला खेटून अनुस्वार. ठिपके कमी पडले की तिघांचा मिळून एक काळा गोळा होतो, आणि अनुस्वार राहिल्याचं पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेवाचे मामा सांगतात.

शिवाय उंची. तुमचा पडदा ३२ सेंटिमीटर उंच आहे, ए-फोर कागद २९.७. म्हणजे दोन पानं मूळ आकारात शेजारी-शेजारी उघडूनही वर मेनूला जागा उरते. चोवीस इंची फुल एचडीची उंची जेमतेम कागदाएवढी.

आता दुखणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून पॉवर सप्लायच्या पट्टीवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, गेलेले दिसतात. आतला द्रव वाळत जातो, मग थंड असताना ते दम धरत नाहीत, गरम झाले की कसेबसे चालतात. बऱ्याचदा डोकं फुगलेलं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सुटे भाग किरकोळ किमतीचे असतात. कारागिराला एवढंच सांगा : कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअस उष्णता सोसणारे टाक, व्होल्टेज आधीच्यापेक्षा कमी नको. घरी स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरात झटका शिल्लक असतो.

चित्र येऊन लगेच काळोख होत असेल आणि बॅटरीचा झोत टाकल्यावर आत पुसट मजकूर दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पडद्यामागच्या उजेडाच्या नळ्या किंवा त्यांना वीज पुरवणारी आतली पट्टी (इन्व्हर्टर) गेलेली असते. नळ्याच म्हाताऱ्या झाल्या असतील तर मी खर्च करणार नाही.

नवा घ्यायचाच असेल तर सत्तावीस इंचांत २५६० बाय १४४०, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा) घ्या. दुकानात जाताना ‘मूर्तींना’ची फाइल पेनड्राइव्हवर न्या. विक्रेता समुद्राचे निळेशार व्हिडिओ दाखवेल, दाखवू द्या. मग बाजूने आणि खालून वाकून बघा, रंग बदलतात का. जुना शेजारी ठेवा, एकावर पान, दुसऱ्यावर हस्तलिखित. नव्या कॉम्प्युटरला फक्त एचडीएमआय असलं आणि जुन्या मॉनिटरला डीव्हीआयची खाच असली, तरी दोन्ही जोडणारी साधी केबल चालते. मॉनिटरला फक्त जुनी व्हीजीए खाच असेल तर मात्र कन्व्हर्टर लागतो.

आणि कधी टाकायची वेळ आलीच, तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. या जुन्या नळ्यांत पारा असतो.