पाच वर्षं लिव्ह-इनमध्ये राहिलो, फ्लॅट त्याच्या नावावर, निम्मा हप्ता मी भरला. आता वेगळे होतोय, तो म्हणतो ‘महिन्याभरात घर सोड’. मला काय मिळेल?

मी वकील नाही. पण पुण्यात वाकडच्या एका टू-बीएचकेमधून अशीच बाहेर पडलेय, म्हणून लिहिते.

पाच वर्षं झाली म्हणून मालकी मिळत नाही. कायद्यात वर्षांचा असा आकडाच नाही. करारनाम्यावर फक्त त्याचं नाव असेल, तर फ्लॅट त्याचा. ‘पैसे माझे, नाव त्याचं’ म्हणून हिस्सा मागायला गेलात की बेनामी कायदा आडवा येतो; एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेवर तो हक्क सांगू देत नाही. नवरा-बायकोला त्यात सूट आहे, आपल्याला नाही. म्हणून माझ्या वकीलबाईंनी घरावरचा दावा सोडून दिला आणि दिलेले पैसे परत मागितले.

तिथे मी माझ्याच विनोदात अडकले. दर पाच तारखेला मी त्याला जीपेवर अठरा हजार पाठवायचे आणि शेऱ्यात गमतीने लिहायचे, ‘घरमालकांना भाडं’. नोटिशीच्या उत्तराला त्याच्या वकिलाने नेमके तेच स्क्रीनशॉट जोडले. म्हणे, ही तर भाडेकरू! ते पैसे गेले ते गेलेच. वाचले ते बुकिंगच्या वेळी माझ्या खात्यातून थेट बिल्डरला गेलेले चार लाख. ‘तुझे चार मी सावकाश देईन’ असा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेजही होता. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली, चार हप्त्यांत मिळाले.

आता ‘महिन्याभरात घर सोड’ या धमकीबद्दल. मारहाण, छळ किंवा पैशांची अडवणूक झाली असेल, तर २००५चा घरगुती हिंसाचार कायदा लग्नाशिवायच्या नात्यालाही लागू होतो. घर तुमच्या नावावर नसलं तरी मॅजिस्ट्रेटकडून तिथे राहण्याचा आदेश आणि खर्चाला पैसे मागता येतात. पण ते नातं ‘लग्नासारखं’ होतं हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये त्याचे निकष सांगितले: दोघं सज्ञान, लग्नाला मोकळे, बराच काळ एकत्र आणि चारचौघांत जोडपं म्हणून वावरलेले. तो आधीच विवाहित असेल आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर हा रस्ता जवळपास बंदच. २०१३मध्ये अशाच एका बाईला तिथून रिकाम्या हाताने परतावं लागलं. आणि नुसतं पटेनासं झालं, एवढ्यावर हा कायदा लागत नाही.

मूल असेल तर गोष्ट वेगळी. आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी त्याला बापाकडून पोटगी मिळते.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जाण्याआधी बँकेतून पाचही वर्षांचं शिक्क्याचं स्टेटमेंट काढा आणि चॅट दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. आणि उसने म्हणून दिलेले पैसे असतील तर घाई करा. दाव्याची मुदत तीन वर्षं, तीही सहसा पैसे दिल्या दिवसापासून मोजतात.