डासांची जात संपवण्याच्या कामात मी जावं का?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डासांची जनुकं बदलून मलेरिया रोखण्याच्या संशोधनात मला जायचंय. बाबा म्हणाले, "अख्खी जात पुसून टाकायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझंच मन डळमळलंय. हे क्षेत्र निवडू की नको?

उत्तर : बाबांना उत्तर देता आलं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या माणसांचंही त्यावर एकमत नाही. फक्त 'अख्खी जात' म्हणजे किती, ते आधी पाहू.

डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. माणसांत मलेरिया पसरवतात त्या ॲनोफिलीस गटातल्या काही, आणि त्यांच्याही फक्त माद्या. २०१८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आंद्रेया क्रिसांती यांच्या गटाने पिंजऱ्यातल्या ॲनोफिलीस गॅम्बिई डासांच्या 'डबलसेक्स' या जनुकात फेरफार केला. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला, तर त्या मादीची सोंड नरासारखी होते. तिला चावता येत नाही, अंडीही घालता येत नाहीत. एरवी असा घातक बदल पिढ्यांगणिक मागे पडत जातो. इथे त्याला 'जीन ड्राइव्ह'ची जोड होती, म्हणून तो निम्म्या नाही, जवळजवळ सगळ्या संततीत उतरत गेला. सात ते अकरा पिढ्यांत पिंजरे रिकामे झाले.

बाबांना धास्ती आहे ती याच रिकाम्या पिंजऱ्याची, आणि ती अनाठायी नाही. फवारणी उद्यापासून बंद करता येते. मोकळ्यावर सोडलेला जीन ड्राइव्ह गावाची वेस ओळखत नाही, देशाची सीमाही नाही. पण दुसऱ्या पारड्यातही काही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. बहुतेक आफ्रिकेतली, आणि तिथल्या चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. 'निसर्गात ढवळाढवळ नको' हे त्या मुलांच्या आयांसमोर बसून म्हणवेल का, हे बाबांना जरूर विचार. मला म्हणवणार नाही. (म्हणजे ड्राइव्ह आज सोडायला माझा होकार आहे, असं मात्र समजू नकोस.)

आता तुझ्या करिअरचं. बाबांनी विचारलेलं 'कोणी दिला' हे प्रयोगशाळेत ठरत नाही, म्हणून फक्त प्रयोगशाळेकडे धावू नकोस. केव्हिन एस्वेल्ट हे शास्त्रज्ञ, क्रिस्पर हे जनुकं कापून बदलायचं तंत्र वापरून जीन ड्राइव्ह करता येईल, असं २०१४ मध्ये मांडणाऱ्यांपैकी एक. लाइम रोग गोचिडी चावल्याने होतो, आणि गोचिडींना संसर्ग मिळतो तो पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून. ते उंदीरच बदलायची कल्पना घेऊन एस्वेल्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरच्या लोकांसमोर उभे राहिले, तेव्हा एकही उंदीर तयार केलेला नव्हता. योजनेत ड्राइव्ह नव्हता, आणि जनुकं वापरायची तर उंदरांचीच, बाहेरची नकोत, याकडे बेटकऱ्यांचा कल दिसला.

बुर्किना फासोमधल्या बाना गावात २०१९ साली सहा हजारांवर नर डास सोडले गेले. जनुकं बदललेले, पण वंध्य आणि बिनड्राइव्हचे. तिथल्या डिउला भाषेत 'जनुक'ला शब्दच नव्हता. समजावून सांगण्यासाठी आधी शब्द घडवावे लागले. गावाने होकार दिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने तो प्रकल्पच थांबवला.

बघ, यात पिपेटचं काम किती आणि बाकीचं किती! गावात डास मोजणारे, डास कमी झाले तर कोणाचा घास जाईल हे शोधणारे, प्रसाराचं गणित मांडणारे, परवान्याचे कागद तपासणारे, लोकांच्या भाषेत बोलणारे. म्हणून पदव्युत्तरला कीटकशास्त्र किंवा समुदाय-जनुकशास्त्र (पॉप्युलेशन जेनेटिक्स) घे, आणि जोडीला संख्याशास्त्र पक्कं कर. क्रिस्परचं तंत्र पुढे शिकता येतं. परिसंस्था कशी चालते हे मात्र चिखलात उतरल्याशिवाय कळत नाही. असं म्हटलं की माझे जनुकशास्त्रज्ञ मित्र चिडतात, चिडू देत.

आणि एवढं करून मन मानलंच नाही, तर शेजारचं दार उघडं आहे. वोल्बाकिया हा जिवाणू डेंग्यूच्या डासांत सोडतात, डासाचं जनुक न बदलता. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरातल्या चाचणीत त्याने डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले. कीटकशास्त्र तिथेही लागतंच.

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधशील तेव्हा त्यांना सरळ विचार, "तुमचं काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे?" त्यांनी हसून विषय बदलला, तर दुसरी लॅब बघ.