पिशवीतली रोपं पिवळी पडून का मरतात?

उरुळी कांचनजवळच्या नर्सरीत नवीन लागला आहात आणि रोज पाणी घालूनही रोपं पिवळी पडतात, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा तेच चुकतंय. पिवळं पान दिसलं की माणूस आणखी पाणी घालतो आणि तिथेच रोप जातं: मातीतली हवा संपते, मुळं कुजतात.

आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. पिशवी उचलूनही कळतं, कोरडी हलकी लागते. तळाची भोकं बुजली नाहीत ना, ते बघा. मग एक रोप काढा: मुळं पांढरी असली तर ठीक, तपकिरी, मऊ आणि वास मारणारी असली तर कुज. असं रोप वेगळं ठेवा.

नवीन पिशव्या भरताना 2 घमेली लाल माती, 1 घमेलं शेणखत, 1 घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). शेणखत आतून गरम लागलं तर वापरूच नका, मुळं जळतात. कोकोपीट भिजवून दोनदा धुवा, क्षार निघतात. वर दोन बोटं जागा सोडा.

एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी लवकर द्या. दुपारी द्यावंच लागलं, तर पाइपातलं तापलेलं पाणी आधी बाजूला सोडा. कोवळी रोपं त्यानेच भाजतात.