टोकन देण्याआधी एजंट पारखा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं नोकरदार, राहणार चिंचवड. मुलीच्या कॉलेजच्या निमित्ताने कर्वेनगर-कोथरूड भागात जुना टू बीएचके घ्यायचा विचार आहे. बजेट 85 लाखांपर्यंत, त्यातले 50 कर्जाचे. सध्या तीन एजंट गाठीला आहेत. एक मामेसासऱ्यांच्या ओळखीतले. ते म्हणतात, ‘कागदपत्रांचं टेन्शन तुम्ही घेऊच नका.’ दुसऱ्यांचं चकचकीत ऑफिस आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवे फ्लॅट येऊन पडतात. तिसऱ्या एक बाई आहेत. स्कूटरवरून फिरतात, अजून दोनच घरं दाखवलीत आणि आम्हालाच उलटसुलट प्रश्न विचारत बसतात. एजंट निवडताना नेमकं काय बघावं? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : बाई काय प्रश्न विचारतात तेवढंच तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला नेमकं तेच हवं होतं. कर्ज कुठल्या बँकेतून, मंजुरीचं पत्र हातात आहे का, घर कोणाच्या नावावर घेणार, उरलेले 35 लाख तयार आहेत की चिंचवडचं घर विकून उभे करणार, असं विचारत असतील तर त्यांना सोडू नका. हे न विचारता जो घरं दाखवत सुटतो त्याला तुमचा व्यवहार कुठे अडणार याची कल्पना नसते, किंवा त्याची फिकीर नसते.

हवेलीच्या एका दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिण्यात माझी उमर गेली. एजंट मंडळी मला त्यांच्या ऑफिसात कधी भेटली नाहीत, भेटली ती नोंदणीच्या दिवशी बाकावर. घर दाखवताना सगळेच गोड बोलतात. पण घेणारा, देणारा, दोन साक्षीदार जमलेत, रांगेतला क्रमांक लागलाय आणि ऐन वेळी विकणाऱ्याच्या पॅनवरचं नाव आणि मूळ करारनाम्यातलं नाव जुळत नाही, अशा वेळी जो एजंट फोनवर बोलत बोलत जिना उतरून जातो, त्याची किंमत तिथे कळते. अशा जिना उतरणाऱ्यांत मोठ्या ऑफिसवालेही पाहिलेत आणि टपरीवरचेही.

आता एक उलटा नमुना सांगतो. कर्वेनगरातल्याच एका सोसायटीतला फ्लॅट, विकणाऱ्या बाई विधवा, घेणारं जोडपं तरुण आणि घाईत. टोकनचा, म्हणजे विसाराचा, चेक लिहून तयार होता. त्यांच्या एजंटने (ही व्यक्तीही स्त्रीच, पण तुमच्या बाई त्याच असतील असं नाही) शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) मागितलं आणि पुढची बाजू न बघता ते आधी पालथं केलं. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. तिथे शेवटचं नाव बाईंच्या दिवंगत यजमानांचं. बाई म्हणाल्या, ‘अहो, मी नॉमिनी आहे ना!’ नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आपल्याकडे भल्याभल्यांना उमगत नाही. वारस म्हणून दोन मुलगे, शिवाय नाशिकला दिलेली एक मुलगी. एजंटबाईंनी चेक परत खिशात ठेवायला लावला, तिन्ही मुलांचं आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं, सोसायटीत नाव चढवलं आणि मगच करारनामा माझ्याकडे लिहायला आणला. घेणारे तोवर वैतागून गेले होते. पण पुढे कर्ज देताना बँकेच्या वकिलाने फाईल एकदाही परत पाठवली नाही.

तेव्हा एजंट पारखायचा तो टोकन घेण्याआधी काय करतो यावरून. घर पसंत पडल्यावर त्याला म्हणा, ‘मूळ करारनाम्यापासूनचे सगळे दस्त, इंडेक्स-टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, यांच्या झेरॉक्स टोकनआधी हव्यात.’ पुष्कळ जण म्हणतात, आधी टोकन द्या, मग मालक कागद दाखवतील. तिथेच नमस्कार करावा. जो स्वतःहून सांगतो की मूळ करारनामा बँकेकडे तारण आहे, इतकं कर्ज बाकी आहे, ते असं असं फेडून घेऊ, त्याच्याशी पुढचं बोलावं.

कोथरूड-कर्वेनगरसाठी आणखी एक प्रश्न हमखास विचारा : सोसायटीत पुनर्विकासाचं कुठवर आलंय? त्या भागातल्या बऱ्याच इमारती जुन्या झाल्यात. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय, विकसक नेमलाय की नुसतीच चर्चा आहे, यावर घराची किंमत आणि तुमचा मुक्काम दोन्ही ठरतं. मुलीच्या कॉलेजसाठी घर घ्यायचं आणि वर्षभरात भाड्याच्या घरात जायचं, हे परवडेल का बघा. मुरलेल्या एजंटला हे तोंडपाठ असतं. ‘बघून सांगतो’ म्हणून खरोखर सेक्रेटरीला विचारून सांगणाराही चालेल. ‘होईल तेव्हा तुमचाच फायदा’ एवढंच म्हणणारा नको.

रेराबद्दल, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंट यांच्यावरच्या कायद्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण त्यावर गैरसमज फार. कायदा 2016चा, त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, महारेराचं, काम 2017 पासून सुरू झालं. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटकडे नोंदणी लागतेच. त्याचा क्रमांक इंग्रजी ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. 1 जानेवारी 2024 पासून महाराष्ट्रात एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षेचं प्रमाणपत्रही मिळवावं लागतं. महारेराच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं, नोंदणीची मुदत संपलेली नाही ना तेही दिसतं. पण ही सक्ती आहे नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. तुम्ही बघताय तसल्या वीस-पंचवीस वर्षांच्या सोसायटीतला रिसेल तिच्या बाहेर राहतो. त्यामुळे क्रमांक असेल तर चांगलंच, माणूस निदान परीक्षेला बसलाय. मात्र केवळ क्रमांक आहे म्हणून डोळे मिटू नका.

आता दलाली. पुण्यात रिसेलला एक ते दोन टक्के मागतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून. 85 लाखांवर दोन टक्के म्हणजे 1 लाख 70 हजार, एजंट जीएसटीत असेल तर त्यावर 18 टक्क्यांचे 30,600 आणखी. हा आकडा पहिल्याच भेटीत ठरवून घ्या आणि मेसेजवर का होईना, लेखी घ्या. दोन्हीकडून घेणं हा काही गुन्हा नव्हे, पण ते लपवणं वाईट. सरळ विचारा, ‘मालकाकडूनही घेताय का?’ हो म्हणणारा बरा. आणि एक साधा हिशेब डोक्यात असू द्या. तुमच्यासाठी त्याने भाव तीन लाखांनी खाली आणला तर दोन टक्क्यांनी त्याचे तुमच्याकडचे सहा हजार कमी होतात. म्हणजे त्याचं नुकसान किरकोळ, पण व्यवहार महिनाभर लांबला तर मोठं. म्हणून एजंटची ओढ भावापेक्षा घाईकडे असते. ‘आजच टोकन द्या, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ती दुसरी पार्टी एकदा तरी भेटावी अशी इच्छा आहे.

सगळी दलाली नोंदणीच्या दिवशी देऊन टाकू नका. त्यानंतरही कामं उरतात : शेअर सर्टिफिकेटवर नाव, महावितरणचं बिल, मिळकत कराची नोंद. सोसायट्या हस्तांतर शुल्क म्हणून वाटेल तो आकडा सांगतात, महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. थोडी दलाली या कामांसाठी मागे ठेवायला एजंट तयार होतो का, ते विचारून बघा.

टोकन मालकाच्या खात्यात, चेकने. एजंटच्या खात्यात नाही, रोख तर नाहीच. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. पावतीत लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर रक्कम अमुक दिवसांत परत. आणि मालकाला पैसे देताना 1 टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारात भरायचा आयकर) कापायचा आहे, कारण व्यवहार 50 लाखांच्या वर आहे. हे तुम्हाला एजंटने सांगायला हवं, माझ्या सदराने नव्हे.

मामेसासऱ्यांच्या माणसाबद्दल : नात्यातला एजंट वाईट असतो असं नाही, पण त्याला ‘कागद दाखव’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही आणि वर तो म्हणतोय टेन्शन घेऊ नका. टेन्शन घ्या. चकचकीत ऑफिसवाल्यांकडून घरांची यादी मिळत राहू द्या, भावाचा अंदाज येतो. मात्र ज्याने घर दाखवलं त्याला डावलून थेट मालकाकडे जाऊ नका, पुढे भांडण होतं. माझं मत स्कूटरवाल्या बाईंना. त्यांचा कुठला व्यवहार मोडला आणि का मोडला, एवढं विचारून बघा. ‘माझा एकही मोडला नाही’ म्हणाल्या तर मत बदलेन.

प्रश्न : मी दुबईत असते. डोंबिवलीचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, तो विकायचा आहे. एजंट म्हणतो, ‘मॅडम, माझ्या नावे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पाठवा, तुम्हाला यायलाच नको. आणि काम सहा महिने फक्त माझ्याकडेच ठेवा.’ बाकीच्यांपेक्षा भावही तोच जास्त सांगतोय. — एक वाचक, दुबई

उत्तर : मुखत्यारपत्र, म्हणजे तुमची ती पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, एजंटला देऊ नका. तो कितीही सज्जन असला तरी जो विकून देणार त्याच्याच हातात विकण्याचा अधिकार, ही मांडणीच चुकीची. शिवाय महाराष्ट्रात स्थावर विकण्याचं मुखत्यारपत्र आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा अशा जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय दिलं तर मुद्रांक शुल्क 500 रुपये. परक्या माणसाला दिलं की खरेदीखतासारखा पूर्ण मुद्रांक बसतो. एजंटला हे ठाऊक नसेल तर तो कच्चा आहे, आणि ठाऊक असून बोलला नसेल तर जास्तच वाईट. भाऊ-बहीण कोणी इथे असेल तर त्याच्या नावे, याच फ्लॅटपुरतं, वकिलातीत साक्षांकित करून पाठवा. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, ते विसरू नका.

तुमच्या एजंटची परीक्षा एका प्रश्नात होईल. विचारा, ‘घेणारा टीडीएस किती कापेल?’ एक टक्का म्हणाला तर त्याने अनिवासी मालकाचं घर विकलेलं नाही. अनिवासी विक्रेत्याचा नियम वेगळा : दोन वर्षांहून जास्त काळ घर तुमच्याकडे असेल तर दर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. तेही 50 लाखांच्या खालच्या व्यवहारालासुद्धा. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच काढता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक मिळायच्या आधी सीएशी बोला.

काम एकाकडेच ठेवायला हरकत नाही, पण सहा महिने फार झाले. दोन-तीन महिने द्या, तेही लेखी. आणि तो सांगतोय त्या जास्त भावाला आधार मागा. तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी अलीकडे झालेल्या विक्रीचे इंडेक्स-टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. काम आपल्याकडे यावं म्हणून चढा आकडा सांगायचा आणि महिन्याभराने ‘मार्केट पडलंय’ म्हणून खाली आणायचा, ही चाल जुनी आहे.

प्रश्न : काका, मी हिंजवडीत जॉबला आहे. तिघं मित्र वाकडला भाड्याने राहतो. भाडं 20 हजार, डिपॉझिट 60 हजार. 11 महिने संपले. एजंट रिन्यूअलला परत पूर्ण महिन्याचं भाडं दलाली मागतोय, शिवाय अ‍ॅग्रीमेंटचे 5 हजार वेगळे. द्यायचे का? — एक वाचक, वाकड

उत्तर : अरे, नवं घर शोधून दिलं का त्याने? मग पूर्ण दलाली कशाबद्दल? भाड्यावरची दलाली कायद्याने ठरलेली नाही, आपसात ठरते. पहिल्या वेळी रिन्यूअलचं काही ठरवलं नव्हतंत ना, मग घासाघीस कर किंवा मालकाशी थेट बोल. काहीजण अर्धी घेतात, मला तीही जास्त वाटते.

अ‍ॅग्रीमेंटचा हिशेब तूच करून बघ. 11 महिन्यांचं भाडं 2 लाख 20 हजार, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी 11 महिन्यांचे साडेपाच हजार, एकूण 2 लाख 25 हजार 500. त्याच्या पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सहाशेच्या आत-बाहेर. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. बाकी घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी. पाच हजार कुठून आले, ते एजंटला कागदावर लिहून द्यायला सांग; बहुधा आकडा तिथेच उतरेल.

मात्र पैसे वाचवायला नोंदणी टाळू नका. भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे, तेव्हा खर्चात त्याचाही वाटा माग. करारात तिघांचीही नावं घाला. एकाच्या नावावर करार आणि डिपॉझिट तिघांचं असेल, तर सोडताना भांडण मित्रांतच लागतं.